परतीची विहीर

डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही उकळत्या भांड्याच्या झाकणावर उभे आहात. झाकण दोन किलोमीटर जाड आहे, म्हणून पाय भाजत नाहीत. आमचं वीजकेंद्र अशाच जागी होतं.

खाली तापलेले खडक आणि त्यांच्या भेगांत पाणी. ते एका विहिरीतून वर घ्यायचं. विहीर म्हणायची, पण खरं तर ती ताटाएवढ्या तोंडाची खोल नळी. वर येता येता पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरवते, चक्र वीज करतं. धूर नाही, राख नाही, उन्हाची किंवा वाऱ्याची वाट पाहणं नाही. मग निवलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून जमिनीत परत सोडायचं, म्हणजे ते पुन्हा तापतं. चाळीस वर्षं मी तिथल्या झडपा सांभाळल्या, पण या देवाणघेवाणीचं कौतुक अजून सरलेलं नाही. "घेतलं ते परत करायचं," एवढंच मी माझ्या नातीला शिकवलं होतं. ती आठ वर्षांची, अंगाने बारीक, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. शाळेला सुट्टी असली की ती आमच्याबरोबर केंद्रात यायची.

मुंगीची आई, म्हणजे माझी लेक, तिथेच इंजिनिअर. कुंपणाजवळची नवी परतीची विहीर तिनेच आखलेली. ती सुरू झाली आणि आमची वाफेची विहीर दर आठवड्याला अर्धा अंश निवू लागली. परतलेलं पाणी एखाद्या जवळच्या भेगेतून, न तापताच, धावत येत असेल तर दोनेक वर्षांत चक्र थांबणार होतं. गावातलं इस्पितळ त्याच विजेवर चालायचं.

शोधायची रीत साधी होती. परतीच्या विहिरीत हिरवा रंग ओतायचा आणि वाफेच्या विहिरीचं पाणी रोज बाटलीत धरून पाहायचं. रंग वर्षभर दिसला नाही तर उत्तम. लवकर दिसला तर नवी विहीर बंद. रंग सोमवारी ओतायचं ठरलं होतं.

त्याआधीच्या गुरुवारी, सकाळी दहाला, मी सवयीने बाटली भरली आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. उन्हात पाणी हिरवं दिसलं.

बाटलीच्या तळाशी एक निळा काचेचा मणी होता. तोटीच्या जाळीतून वाळूचा कणही येत नाही.

"मुंगे, हा तुझा उद्योग का गं?" लेकीने विचारलं.

मुंगीने मनगटावरच्या माळेतले निळे मणी मोजले. "माझे सातच्या सात आहेत."

रंगाचा डबा कपाटात होता, सील शाबूत. लेकीने पाणी यंत्राला लावून पाहिलं. तोच रंग. कारखान्यात तयार होणारा, जमिनीत कुठेही न सापडणारा. मी मणी शर्टाच्या खिशात टाकला, आणि पुढे शर्ट बदलला तरी तो खिशात राहिलाच.

शुक्रवारी कोरी बाटली घेतली. शनिवारी तोटी बदलली. रविवारी लेकीने स्वतः पाणी भरलं. रोज हिरवं, आणि रोज जरासं गडद.

सोमवारी केंद्राचे मोठे साहेब आले. "अजून न ओतलेला रंग वर आला? मॅडम, तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या."

"सुट्टी नंतर घेते," लेक म्हणाली. "आधी नवी विहीर बंद करा. पाणी टेकडीपलीकडच्या जुन्या विहिरीत सोडा."

"आणि कारण काय लिहू?"

ती खिडकीतल्या चार बाटल्यांकडे पाहत राहिली. "जागा निवडताना माझी चूक झाली, असं लिहा."

मंगळवारची बाटली स्वच्छ होती. पुढचे तीन आठवडे तापमान जागचं हललं नाही. आम्ही विचारायच्या आधीच खालच्या खडकाने उत्तर दिलं, असं मी मनाशी धरलं. जमिनीखालच्या त्या खोल जगाबद्दल मला आदर होताच, तो वाढला.

नव्या विहिरीला कायमचं झाकण बसवायचं त्या सकाळी मी मुंगीला घेऊन तिथे गेलो. फिटर नट आणायला गेला होता. विहिरीचं तोंड उघडं होतं. मुंगीने पिशवीतून त्या चार बाटल्या काढल्या.

"या कशाला आणल्यास?"

"आपण घेतलंय ना हे पाणी, आजोबा? मग परत करायला नको?"

मी पहिल्या बाटलीचं बूच काढून दिलं. माझाच धडा होता.

पहिली बाटली रिकामी झाली. दुसरी. तिसरी.

चौथी ओतताना तिच्या माळेचा दोरा नळीच्या काठाला अडकला आणि तुटला.

मणी आमच्या पायांशी उडाले. एक आत गेला.

आम्ही दोघांनी कान दिला. पडल्याचा आवाज आला नाही.

मुंगी रडली नाही. तिने एकेक मणी वेचला आणि ओंजळीत मोजला. सहा.

मग ती उठली, तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.