डाव्या दारातला स्पीकर

शिडाची बोट जायची म्हणून बंदरावरचा पूल वर उचलला आणि आम्ही सगळे रांगेत अडकलो. सप्टेंबरातलं कोवळं ऊन होतं, गाडीचं छप्पर उघडं होतं, आणि मी गाण्याबरोबर गळा काढून गात होते. शेजारी सायकलवरचा एक उंच माणूस वाकला आणि चक्क माझ्या दाराला कान लावायला लागला.

“मोइन!” त्याने आमच्याकडचा नमस्कार ठोकला. “एक विचारू? ही घरघर गाणाऱ्याची की दाराची?”

“दाराची. बेसूर आवाज तेवढा माझा. काही तक्रार?”

“तुमच्याबद्दल नाही… स्पीकरबद्दल आहे.” त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्या पार्किंगच्या चिठ्ठीमागे पत्ता लिहिला. “मी रेन्को. जुन्या गाड्यांचे रेडिओ-स्पीकर दुरुस्त करतो. शनिवारी या.”

पूल खाली आला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. आणि मी, बावळट, घाईत गाडीच बंद पाडली! तो हसला. निळे डोळे उत्तर जर्मनीतल्या आमच्या लेअर गावात पैशाला पासरी, पण हे जरा वेगळेच होते.

गाडी मूळची माझ्या हिल्के मावशीची. एकतीस वर्षांची, लालभडक, उघड्या छपराची. मावशीचे गुडघे बोलायला लागले तशी तिने मला देऊन टाकली.

शनिवारी रेन्कोने डाव्या दाराचं आतलं आवरण काढलं. स्पीकरभोवतीच्या फोमच्या कडेला त्याने बोट लावलं मात्र, तिचा शिळ्या केकसारखा चुरा झाला.

“उघड्या गाडीचं असंच होतं. ऊन, दमट वारा… बिचारा किती वर्षं ओरडत असेल.”

“माझ्याकडे बघून काय म्हणताय?”

“तुमच्याकडे बघायला कारण लागतं का?” असं म्हणून तोच कानापर्यंत लाल झाला आणि चहा करायला पळाला.

आमच्याकडचा चहा म्हणजे तळाशी खडीसाखर, वर सायीचा ढग, आणि ढवळायचं नाही. तीन कप तर होतातच. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. मी सभ्यपणे तिसऱ्या कपानंतर चमचा आत ठेवला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मग शनिवारमागून शनिवार गेले. दुसऱ्या खेपेला म्हणे नवा स्पीकर जुन्या भोकात बसत नाही, लाकडी कडं कापायला हवं. तिसऱ्या खेपेला गोंद वाळायचा होता. चौथ्या खेपेला मागचे दोन काढायचे, तर छप्पर अर्धवट उचलून धरावं लागतं. आम्ही दोघं मागच्या सीटवर, तंबूत बसल्यासारखे… वर कापडावर पाऊस टपटपत होता, आणि पाना शोधताना आमची डोकी आपटली.

“लागलं का तुला?” त्याने विचारलं.

तुला! मी म्हटलं, “नाही रे.” झालं, ‘तुम्ही’ तिथेच संपलं. चार कप प्यायले मी त्या दिवशी.

पाचव्या शनिवारी चारही स्पीकर झकास गायला लागले. काम संपलं. रेन्को कोरडेच हात पुसत म्हणाला, “काही बिघडलं तर… ये.” मी म्हणाले, “हो.” आणि घरी आले! काय म्हणावं आम्हाला?

मावशीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “चार स्पीकरना पाच शनिवार? अगं, एका दुपारचं काम ते! एकतर तो महाआळशी आहे, नाहीतर तुझ्यावर लट्टू आहे.”

आळशी तर तो नव्हता. पण मग बोलत का नव्हता? आणि मला वेळ कुठे होता! माझ्या गाडीची नंबरपाटी हंगामी, एप्रिल ते ऑक्टोबर. एकतीस तारखेनंतर गाडी रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही, सरळ मावशीच्या कोठारात. रेन्कोकडे जायला पाच महिने निमित्तच नाही. तेवढ्यात त्याला दुसरी कोणी बेसूर गाणारी भेटली तर?

एकतीसच्या सकाळी मी डाव्या दाराचं आवरण काढलं. पाच शनिवार काय नुसते त्याचे डोळेच बघत होते? स्पीकरची वायर धरली, दिली ओढून आणि आवरण परत बसवलं.

त्याच्या गल्लीत शिरले तर सगळीकडे शुकशुकाट. चर्चच्या घंटा वाजत होत्या. अरे देवा, रिफॉर्मेशनच्या सणाची सुट्टी! फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर बसणारीला सण काय नि वार काय, सगळं सारखंच. माझ्या लक्षातच नव्हतं. शटर बंद होतं. रडूच यायचं बाकी होतं, तोच पायरीवरून कोणीतरी उठलं.

“मोइन, फेन्ना.”

“आज… आज सुट्टी आहे ना?”

“माहितीये.”

“मग इथे काय करतोयस?”

“तुझ्या पाटीचा आज शेवटचा दिवस. म्हटलं, काही बिघडलंच तर…” त्याने मान खाली घातली. “आठपासून बसलोय.”

साडेअकरा वाजले होते. मी डाव्या दाराकडे बोट दाखवलं. त्याने आवरण काढलं, आत हात घातला आणि तसाच थांबला.

“फेन्ना… ही वायर सुटलेली नाही. ओढलीय कोणीतरी.”

मी आभाळ बघायला लागले.

“आणि चांगला जोर लावून.”

“मग कशाला एवढी घट्ट बसवलीस?”

तो इतका हसला की पाना हातातून पडला. “बरं, मीही सांगतो. लाकडाची चारही कडी मी पहिल्याच दिवशी कापून ठेवली होती.”

“आणि तो गोंद?”

“वीस मिनिटांत वाळतो.”

“लबाडा!” मी त्याच्या दंडावर चापट मारली. तो हात त्याने सोडलाच नाही.

“तू मला आवडतेस, फेन्ना. पुलावरच आवडलीस. इतकं बेसूर इतक्या मनापासून कोणी गात नाही.”

“मलाही आवडतोस तू. नाहीतर स्वतःचीच गाडी कोण मोडतं?”

त्याने शटर उघडलं. “गाडी हिवाळाभर इथेच ठेव. फक्त बॅटरी उतरू नये म्हणून दर शनिवारी येऊन सुरू करावी लागेल. मालकिणीनेच.”

“ते चार्जरने होत नाही?”

“होतं,” तो म्हणाला. “पण चार्जर चहा पीत नाही.”

गाडी आत घेतली. वायर जोडली दोन मिनिटांत, आज गोंदाचं नाव नाही. रेडिओवर कोणी वादळी वाऱ्याचा इशारा देत होतं, आणि चारही स्पीकरमधून तो किती गोड वाटला म्हणून सांगू! रेन्कोने चहा आणला. पहिला कप झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी सवयीने बशीकडे हात नेला, तर बशी रिकामी.

“माझा चमचा कुठाय?”

“आज नाही देणार,” तो म्हणाला आणि चौथा कप ओतायला लागला.