लवणाचं वावर

"ते पाय, साहेब माती खाऊन राह्यले!"

चेंडू टाकायचं सोडून सुकेशनीनं बोट दाखवलं. बॅट धरून उभा असलेला तिचा भाऊ प्रसेनजित आणि यष्टींमागची यूसरा, दोघंही वळले. शेलूबाजारची नवी वस्ती पुरात सापडू नये म्हणून नदीकाठी भिंत बांधायला घेतली होती. तिचे इंजिनियर खरे साहेब पुण्याहून आले होते. ते खरोखरच चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटून उभे होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यापेक्षा झकास रहस्य कुणाच्या वाट्याला येतं? तिघं धावतच पोचली.

"साहेब, घरी जेवाले नाही देत काय?" यूसराला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं.

साहेब माती थुंकून हसले. "अगं, जुन्या नकाशात या जागेचं नाव आहे 'लवणाचं वावर'. वावर म्हणजे शेत आणि लवण म्हणजे मीठ. खारट जमीन लोखंड खाते, म्हणून भिंतीला महागडं सिमेंट मागवलंय. पण माती काही खारट लागत नाही."

प्रसेनजितला हसू आवरेना. मग तो एकदम थांबला. "साहेब, लवण म्हंजे मीठ नाही. लवण म्हंजे खोलगट जागा. वरच्या वावरातलं पाणी तिथूनच नदीत जाते. अन् तुमची भिंत त्याच्या आडवी हाये."

"खोलगट? इथली जमीन तर पोळपाटासारखी सपाट आहे. शाळेत लवण शिकवलं नाही वाटतं," साहेब म्हणाले. "पळा आता. उद्या काँक्रीट ओतायचंय."

भिंतीच्या आत पहिलंच घर प्रसेनजितचं होतं. त्याच्या आईनं, नीलिमाताईंनी, नोकरी सांभाळून ते उभं केलं होतं. बुद्धपौर्णिमेला तिथं राहायला जायचं होतं. नदीचं पाणी भिंत अडवेल, पण मागून आलेलं पाणी जाईल कुठं? थेट त्यांच्या घरात! हल्ली तर पाऊस मे महिन्यातही येतो आणि तासाभरात दाणादाण उडवतो.

"सपाट म्हणते," यूसरा पुटपुटली. "मंग आपला चेंडू दर खेपेले साहेबाच्या जीपखालीच काहून जाते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"साहेब आपलं नाही आयकत," सुकेशनी म्हणाली. "पाण्याचं आयकतीन."

यूसराचे तनवीर मामू बांधकामावर टँकर चालवायचे. टँकर धुतलेलं गढूळ पाणी त्यांना रोज कुठंतरी ओतावंच लागे.

"मामू, आज वरच्या वावरात ओता ना," यूसरानं लाडीगोडी लावली.

"कायले? काही भानगड तं नाही ना?"

"भानगडच हाये. पण चांगली."

मामूंनी मिशीतल्या मिशीत हसत टँकर वर नेला.

दुपारी खरे साहेब बूट काढून जीपच्या सावलीत डबा खात बसले होते. वरून पाणी निघालं. ना डावीकडे वळलं, ना उजवीकडे. सरळ जीपखाली शिरलं, साहेबांचा एक बूट उचलला आणि भिंतीच्या पायाकडे घेऊन चाललं.

"साहेब, तुमचा बूट नदीवर निंगाला!" सुकेशनी ओरडली.

पण बूट नदीवर पोचलाच नाही. भिंतीच्या हातभर वर आलेल्या पायाशी पाणी अडलं, पसरलं आणि प्रसेनजितच्या नव्या घराच्या पायरीला जाऊन भिडलं. तिघांची हसून पुरेवाट झाली होती, पण पायरी ओली झालेली पाहताच प्रसेनजित तिकडे धावला.

साहेब हातात घास धरून, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, त्या पायरीपर्यंत आले. मग त्यांनी फोन लावला. "उद्याचं काँक्रीट थांबवा. भिंतीत पाण्याला दार ठेवायचंय."

तसंच झालं. लवणाच्या तोंडाशी भिंतीत मोठी वाट ठेवली. तिला बाहेरून लोखंडी झाकण बसवलं. आतलं पाणी ते ढकलून बाहेर जाई. नदी फुगली की ते आपोआप मिटे. तेवढ्या वेळापुरतं आतलं पाणी उपसायला पंपही आला.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी असा पाऊस कोसळला की सगळं गाव भिंतीपाशी धावलं. लवण दुथडी भरून आलं आणि झाकण ढकलून धडाधड नदीत गेलं. पायरी कोरडी होती. नीलिमाताईंनी तिन्ही पोरांना एकदमच मिठीत घेतलं. "घर म्या बांधलं," त्या म्हणाल्या, "पण वाचवलं तुमी."

"आणि माझी अब्रूही," साहेब म्हणाले. मग त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जीभ लावली आणि गंभीरपणे मान हलवली.

"खारट नाही."