बारा मिनिटांचा हात

चिपळूण आगारात बस चार्जिंगला लागली की बरोबर बारा मिनिटं मोकळी मिळायची. बाकीचे मेकॅनिक चहाला पळायचे आणि प्रणाली भुवड वही उघडायची. अडतिसाव्या वर्षी बाईंना चित्रं काढायचं वेड लागलं होतं! घरी दोन मुलं, सासूबाईंची पथ्यं; वेळ काय तो एवढाच. वर्षभरात तिनं काढलेला प्रत्येक माणूस बटाट्यासारखा दिसत होता.

तरीही ड्रायव्हर शिर्केमामांच्या निवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा तिनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "शाल-श्रीफळाबरोबर मामांचं चित्र मी देणार!" हातात तीन आठवडे. कुंभार्ली घाटात तेहतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला काय बटाटा द्यायचा?

म्हणून तिनं सरावपट्टी आणली. चित्र काढताना मेंदूकडून हाताच्या स्नायूंना जे इशारे जातात, ते मनगटावरची ही पट्टी टिपून ठेवते आणि पुढे हात रिकामा असला की तेच इशारे हळूच परत देते. प्रणाली सासूबाईंचं गाऱ्हाणं ऐकत बसलेली असायची आणि बोटं आपली आतल्या आत रेघा गिरवायची. बारा मिनिटांचा सराव दिवसभर! दहाव्या दिवशी कान चक्क कानासारखा आला, तेव्हा ती एवढ्यानं ओरडली की कंट्रोलर खिडकीतून डोकावले.

"बघू गं, काय जादू आहे ती," म्हणत सोमवारी मामांनी पट्टी मागून घेतली आणि ती बांधूनच घाटातून कराडची फेरी मारून आले. "मला कुठे काय आलं?" हसत त्यांनी परत केली. आगारात पाना, डबा, छत्री सगळ्यांचीच. प्रणालीनं पट्टी तशीच मनगटाला लावली. मामांच्या हातावर असताना पट्टीनं टिपलेलं पुसून टाकायला हवं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी मामांचा चेहरा कागदावर झकास उमटला. फक्त खांदा राहिला होता. पेन्सिल मानेवरून निघाली, वळली, पुन्हा वळली. "अगं, अगं!" हात थांबेचना. चेहऱ्याखाली नागमोडी रेघच रेघ झाली. प्रणालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसरं चित्र काढायला आता वेळ कुठला?

शनिवारी निरोपाच्या कार्यक्रमात तिनं मान खाली घालून चित्राची गुंडाळी मामांच्या हातात दिली. मामा बघतच राहिले. मग त्यांचं बोट त्या रेघेवरून सावकाश फिरू लागलं.

"हे देवळाजवळचं वळण. इथं मी गाडी जरा आधी वळवतो. कुणाला बोललो नाही कधी. तू घाटात गाडी चालवलीस?"

"मामा, मला सायकलसुद्धा येत नाही!"

आणि तिच्या एकदम लक्षात आलं. गाडी चालवताना मामांचा हात रिकामा नव्हता, म्हणून पट्टीनं त्यांना काहीच दिलं नाही. फक्त टिपून घेतलं, आणि मग आठवडाभर तेच तिच्या रिकाम्या हाताकडून गिरवून घेतलं. तिनं हे सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवायला जमलेले लोकही चित्र बघायला पुढे सरकले. तेहतीस वर्षांचा घाट आपल्या हातात आलाय, या विचारानं प्रणालीनं आपलीच बोटं उलटसुलट करून पाहिली.

मामांनी गळ्यातला हार बाजूला सारला. आवाज उतरला होता. "उद्यापासून या हातांना काम काय, या विचारानं आठवडाभर झोप नाही गं मला."

प्रणालीनं पट्टी सोडली आणि त्यांच्या मनगटावर बांधली. मामा खुर्चीत टेकले, हात मांडीवर मोकळा सोडला. थोड्या वेळानं त्यांची जाडजूड बोटं हलकेच मिटली, पेन्सिल धरल्यासारखी.

मामा त्या बोटांकडे लहान मुलासारखे बघत होते. "प्रणाली," त्यांनी विचारलं, "आधी काय काढू?"