सावलीची दोरी

ग्रिगोरे गवंडी भित्रा नव्हता पोरांनो, हे आधी सांगून ठेवतो. दोरी-सुतळी माझ्याच दुकानातून न्यायचा, दर वेळी भावावरून हुज्जत घालायचा, म्हणून माणूस चांगला ठाऊक. बुखारेस्टमध्ये सगळ्या देशाचं म्हणून नवं कॅथेड्रल उठत होतं, तिथं तो कामाला.

एकोणतीस नोव्हेंबर. भुतं आत येऊ नयेत म्हणून आपण दाराखिडक्यांना लसूण चोळतो ती रात्र. ग्रिगोरे लसूण आणायलाच निघाला होता. वाटेत गुत्त्यावर नेलू भेटला, त्याचा कामावरचा जोडीदार.

“स्पिरिदोन मिस्त्रीनं आज सावली धरली,” नेलू हसत म्हणाला. “म्हटलं, पायाभरणीत कोंबडा पुरला होता ना, पुरे की. तर म्हणतो, अख्ख्या देशाचं देऊळ, आणि कोंबड्यावर भागवतोस होय रे चिकट्या?”

जुन्या गवंड्यांची रीत ती. भर दुपारी जो पहिला येईल त्याच्या सावलीएवढी दोरी मापायची, तोंड बघायचं नाही, आणि दोरी भिंतीत चिणायची. भिंत टिकते. माणूस चाळीस दिवसांत जातो.

“कुणाची धरली?”

“कोण जाणे. लाल कोट होता. हातात डबा…”

नेलू थांबला.

लाल कोट अंकाचा. ग्रिगोरेची एकुलती एक लेक, सोळा वर्षांची. दुपारी बापाचा डबा घेऊन आली होती.

लसूण राहिला. भिंतीतला सिमेंटचा माल वाळायच्या आत दोरी काढायला हवी होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्रिगोरे बॅटरी घेऊन मनोऱ्यावर चढला.

वर मिस्त्री होता. पाठमोरा. थापी चालूच.

“मिस्त्रीबाबा, ती दोरी… माझी पोरगी आहे ती.”

“कळलं मला. संध्याकाळी.” थापी थांबली. “तुझीच वाट बघत होतो. घे.”

“आणि भिंत?”

“भिंतीला माझी दिली.”

ग्रिगोरेनं बॅटरी मागच्या फळीवर ठेवली. दोन्ही हातांनी दोरी घेतली. गार. टोकाला मालाचा ओला गोळा.

त्यानं वर पाहिलं. भिंतीवर घमेल्याची सावली. त्याची स्वतःची सावली. मधे मिस्त्री उभा.

मिस्त्रीची…

नव्हती.

ग्रिगोरे दोरी घेऊन मागे वळला. उतरला. एकेक पायरी.

फाटकावर रखवालदारानं विचारलं, “इतका वेळ वर कोणाशी बोलत होतास?”

“स्पिरिदोन मिस्त्रीशी.”

“बस,” रखवालदार म्हणाला. “आधी खाली बस… मिस्त्री सात वाजता वारला. घरी, खुर्चीतच.”

अंका सुखरूप आहे. संसाराला लागली. दोरी मात्र ग्रिगोरेला घरात नको होती. माझ्याकडे ठेवून गेला.

त्या खणात आहे. ओढ.

सांभाळून… बोटाला लागेल. नऊ वर्षं झाली, माल अजून ओला आहे.