एक लांब, दोन छोट्या

तिने तीनदा विचारलं. तीनदा! आणि तो माणूस ढिम्म हलला नाही.

सकाळचे नऊ वाजले होते, पण आभाळ असं दाटलेलं की संध्याकाळ आहे म्हटलं तरी कुणी भांडलं नसतं. झिमझिम पाऊस तीन दिवस हटत नव्हता. जीपवाल्याने तिला बॅगेसकट कँपच्या तारेच्या कुंपणापाशी उतरवलं आणि काढला पळ. समोर एक उंच, सडपातळ माणूस पाठमोरा उभा राहून पिवळ्या वायरची गुंडाळी करत होता. "अहो, ऑफिसचा तंबू कुठला?" काही नाही. "अहो, ऐकलंत का?" काही नाही. तिसऱ्यांदा तिने आवाज चढवला, मग मनातल्या मनात 'शिष्ट मेला!' म्हटलं आणि जवळच्या लाल खोक्यावर बसकण मारली.

तेवढ्यात तो वळला आणि धावतच आला. "उठा, उठा! त्यावर बसू नका!"

"वा! इतका वेळ मिठाची गुळणी धरली होतीत. आता बरा कंठ फुटला?"

"दारूचं खोकं आहे ते."

"दारू? सकाळी सकाळी?"

तो हसला. "पिण्याची नाही हो. सुरुंगाची. खोकं रिकामं आहे, पण सवय वाईट. मी इथला बारवाला."

ती टुणकन उठली. बॅग चिखलात पडली. त्याने ती उचलली, बाहीने पुसली आणि एक शब्द न बोलता ऑफिसच्या तंबूपर्यंत नेऊन ठेवली. शिष्ट असेल, पण माणूस वाईट नसावा, असं तिच्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मनाला काय, घाईच असते.

काम काय, तर जमिनीच्या पोटात काय दडलंय ते शोधायचं. माळावर खोल भोक पाडायचं, तळाशी बार भरायचा, उडवायचा आणि खालून येणारे हादरे यंत्रांनी टिपायचे. ही यंत्रं मुठीएवढी, खाली खिळा असलेली. कँपवर त्यांना सगळे 'कान' म्हणत. मैलभर रांगेत कान रोवायचे, वायरी जोडायच्या, बार झाला की उपटायचे आणि पुढे चालू लागायचं. हे सगळं करणारी सगळ्यात खालची, सगळ्यात कमी पगाराची मदतनीस म्हणजे ती. तिला नावाने कुणी हाक मारलीच नाही. सगळे म्हणत 'नवी'.

शास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसली होती. मोठा भाऊ येता-जाता टोमणे मारायचा. ही नोकरी लागली तेव्हा म्हणाला, "दोन महिन्यांत परत येते की नाही बघ." तीन महिने तात्पुरतं काम, मग साहेबांच्या मनात आलं तर कायम. तिने ठरवलं होतं, खांदे सोलले तरी चालतील, पण त्या घरात बॅग घेऊन परत शिरायचं नाही.

पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. "कुणाशी ओळख झाली का गं?"

"एक बारवाला आहे. बरा आहे स्वभावाने."

"अगं बाई! बारवाला?"

"तसा नाही गं! दारूचं काम करतो, पण पीत नाही."

आईने फोन भावाकडे दिला. ते निस्तरता निस्तरता अर्धा तास गेला आणि आईचा बॅलन्सही.

शिट्टी तिला मुकादमकाकांनी शिकवली. रेडिओ फक्त बारवाला आणि अर्ध्या मैलावरची यंत्रांची गाडी यांच्यासाठी. भोकाजवळचं माणूस शिट्टीने बोलणार. "एक लांब म्हणजे थांब. दोन छोट्या म्हणजे रान मोकळं. तुझ्या दोन ऐकल्याशिवाय बारवाला गाडीला 'तयार' म्हणणार नाही. बार तसा खोल असतो, वर नुसतं धप्प होतं. पण कधी भोकातून दगडगोटे उसळतात. तेव्हा पोरी, शिट्टी तोंडात नाही, जिवात धरायची."

तिने फुंकली. गडी हसले. "पोरीने शिट्टी मारायची आणि पोराने बघायचं! आली का उलटी गंगा!"

बारवाला हसला नाही. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत मात्र तिच्या समोर येऊन बसला. "शिट्टीबरोबर हातही वर करत जा. लांबला एक, छोट्यांना दोन."

"ते कशाला?"

"लांबून… छान दिसतं."

झालं! त्या रात्री तिला ओल्या पायमोज्यांचा वास आला नाही, गळका तंबू दिसला नाही, काही नाही. छान दिसतं म्हणे!

त्या उदास माळावर बघण्यासारखं होतं तरी काय? करडं आभाळ, करडं गवत, चिखल, आणि उद्या पुन्हा तेच. दर पंधरवड्याला कुणीतरी कंटाळून निघून जायचं. पण रोज सकाळी ती शिट्टी ओठांशी न्यायची आणि शंभर पावलांवरून तो तिच्याकडे टक लावून बघायचा. असं बघायचा की तिची फुंकर अर्ध्यातच अडकायची. ती बोलायला लागली की हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. खोटं कशाला बोला, असं तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. भाऊ फोनमध्ये डोकं घालून ऐकायचा, आई भाजी चिरता चिरता. हा मात्र सगळा जीव डोळ्यांत आणून ऐकायचा.

"एकदा शेजारी बस की," ती म्हणाली. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं.

"समोरून बरी दिसतेस."

"आणि शेजारून?"

"शेजारून… निम्मीच दिसशील. मला निम्मी नको."

तिने ताटात मान घातली ती वर काढलीच नाही.

अडीच महिने झाले. धुकं पडायला लागलं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की शंभर पावलांवरचं माणूस नुसती सावली दिसायचं. बार भरून झाला होता. भोकाजवळचा एक कान तिरका झालेला मुकादमकाकांना दिसला आणि ते तो सरळ करायला वाकले. तिने ताबडतोब एक लांब शिट्टी वाजवली. छाती दुखेपर्यंत वाजवली. उजवा हात वर केला. डाव्या हातात खुणेचा झेंडा होता, तो हातही घाईत वर गेला.

आणि धप्प झालं.

भोकातून चिखल-दगडांचा लोट उठला. काका आडवे पडले. ती धावत पोचली तेव्हा त्यांचा हात कोपरातून भलतीकडेच वळला होता आणि भुवईवरून रक्त वाहत होतं. बोटभर खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता. बारवाला धापा टाकत आला, पांढराफटक पडलेला. "तू… दोन हात केले होतेस!"

"मी एक लांब वाजवली!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. 

काकांना जीपने शहराच्या हॉस्पिटलात नेलं. त्यांना दगड लागल्यापुढचं आठवत होतं, आधीचं काही नाही. गडी पुढच्या भोकाकडे गेले होते आणि गाडीतल्या लोकांनी फक्त धप्प ऐकलं होतं. साहेब म्हणाले, उद्या सकाळी दोघांनी माझ्यासमोर यायचं.

दुपारभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. शिट्टी कुणाला ऐकू जाणार नाही, असं कसं होईल? संध्याकाळी ती केबल वाळवायच्या छपरीत गेली. तो पाठमोरा बसून वायर गुंडाळत होता. पहिल्या दिवशी उभा होता, अगदी तसाच. तिने शिट्टी काढली. तिने एक लांब शिट्टी वाजवली.

तो वायर गुंडाळत राहिला.

पलीकडून स्वयंपाकी हातातला डाव घेऊन धावत आला, "काय झालं? काय झालं?" त्याला बघून बारवाल्याने मान वर केली, मग वळला. ती शिट्टी अजून ओठांत धरून उभी होती. स्वयंपाकी दोघांकडे बघून गुपचूप परत गेला.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"डावा चार वर्षं झाली. उजवा गेल्या वर्षापासून. समोर असलं की बोललेलं कळतं, रेडिओ उजव्या कानाला दाबून धरला की कळतो. शिट्टी नाही कळत. पाखरं पण नाही कळत."

"म्हणून हात वर करायला सांगितलंस."

"हो."

"म्हणून समोर बसायचास. म्हणून… बघायचास."

त्याने मान खाली घातली. अडीच महिने जपलेली एवढीशी गोष्ट, आणि ती आपली कधी नव्हतीच! तिने त्याची हनुवटी धरून मान वर केली. "ऐकू आलं नाही, की उत्तर नाही?"

"आलं ऐकू. आधी… त्याच्यासाठीच बघायचो."

"आणि मग?"

"मग शिट्टी नसतानाही बघायला लागलो. तुझ्या लक्षात आलं नाही?"

ती रडू लागली. तो जवळ सरकला, आणि मग जे बोलू नये तेच बोलला. "उद्या साहेब विचारतील. तू म्हण, गोंधळले, चुकून दोन वाजल्या. नव्या माणसाला माफ करतील. मला नाही करणार. परवाना काढून घेतील. मला दुसरं काही येत नाही गं."

तिने त्याच्या हातांकडे बघितलं. लांबसडक बोटं, नखांत चिखल. ती निघून गेली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खोटं बोलायचं तर कायम होणं विसरून बॅग उचलायची आणि घरी जायचं. तेही चालेल, तिला वाटलं, भाऊ हसू दे. पण धुकं उद्या पडेल, परवा पडेल. तिच्या जागी दुसरी कुणी नवी येईल, तिला कोण सांगणार, याला शिट्टी ऐकू येत नाही म्हणून? आणि समजा, पुढच्या खेपेला भोकाजवळ हाच वाकलेला असला तर?

सकाळी साहेबांनी सरळच विचारलं, "किती वाजवल्यास?"

"एक लांब."

"नक्की? तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून सांगत नाहीयेस ना?"

ती साहेबांकडे पाठ करून त्याच्याकडे वळली. जे बोलायचं ते त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "यांना ऐकू येत नाही, साहेब. यांचे कान तपासून घ्या. तोवर यांच्या हातात बार देऊ नका."

त्याने तिच्या ओठांवरून नजर काढली नाही. शेवटचा शब्द संपल्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी जीप त्याला न्यायला आली. गडी एकेक करून त्याला भेटले. तिच्याशी कुणी बोललं नाही. चहाडखोर, असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालंही. तो तिच्या शेजारून गेला आणि बघितलं नाही. एकदाही नाही. तेव्हा मात्र तिला राहवेना. ती चिखल तुडवत गेली आणि जीपच्या काचेवर थाप मारली. त्याने काच खाली केली.

"तुझं नुकसान केलं मी," ती म्हणाली.

"केलंस."

"दुसरं कुणी असतं ना, तर खोटं बोलून मोकळी झाले असते! त्याचे हात उडाले काय आणि डोकं उडालं काय, मला काय त्याचं? पण तू…"

"मी काय?"

"आता वदवून घेऊ नकोस. जीपवाला ऐकतोय."

"ऐकू दे की. आमच्यात ऐकू येतं ते त्यालाच."

तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. "आवडतोस मला. आता झालं समाधान?"

जीपवाल्याने उगीचच काचेवरचं पाणी पुसायला घेतलं. तो मात्र गंभीरच होता. "मी रागावलोय तुझ्यावर."

"राहा."

"खूप रागावलोय. राग गेला की कळवीन."

"आणि गेला नाही तर?"

त्याने जरा विचार केला. "तर गेला नाही म्हणून कळवीन."

जीप गेली. तीन महिने पूर्ण झाले, साहेबांनी तिला कायम केलं, आणि कँपवर कुणी साधं 'बरं झालं' म्हटलं नाही. आईला फोनवर आनंद झाला. भाऊ काहीच बोलला नाही, म्हणजे जिंकलीच म्हणायची. पण जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही. नवा बारवाला पन्नाशीचा, चोख. नुसती शिट्टी ऐकून, मान न वळवता काम करायचा. ती कान रोवायची, उपटायची, पुढे चालायची. दिवसातून दहादा खिशातला फोन काढून बघायची आणि परत ठेवायची. आठ दिवस गेले. दहा गेले. माळावरचं धुकं विरलं, पाऊस मात्र तसाच राहिला.

पंधराव्या दिवशी दुपारी, खांद्यावर वायरीचं ओझं घेऊन चालताना फोन थरथरला. तिने ओझं तिथेच चिखलात टाकलं.

'तपासणी झाली. डावा गेलाच आहे. उजवा निम्मा. मशीन लावणार म्हणतात. राग अजून आहे. जेवलीस का?'

तिने तो मजकूर तीनदा वाचला. मग ओली बोटं कपड्यांना पुसून उत्तर लिहिलं.

'नाही अजून. तू?'