आईच्या संख्येचा ताळा

पडद्यावर नऊ अंकी संख्या उमटली. पण दुसऱ्या अंकाच्या जागी नुसता ठिपका! ७•३४२१५४१.

"गेला! नेमका तोच अंक गेला!" केतकी रडकुंडीला आली.

तिची आई गुरू ग्रहाकडे गेलेल्या यानात होती. यानातला बोलायचा रेडिओ बिघडलेला. महिन्यातून एकदा पृथ्वीपासूनचं अंतर तेवढं यायचं, किलोमीटरमध्ये. मागच्या महिन्यात ते चौऱ्याहत्तर कोटी होतं. या महिन्यात यान माघारी वळायचं होतं. वळलं का? तो एक अंक कळला असता, तर सगळं कळलं असतं.

माणदेशातल्या माळावरचं ते अँटेना केंद्र आईचे वडील सांभाळत. चष्मा पुसत ते म्हणाले, "रडतेस काय? तुझी आई माझी लेक आहे. ताळा (उत्तर बरोबर आहे का ते पाहायची युक्ती) केल्याशिवाय ती राहायची नाही. अंतर पाचपन्नास किलोमीटर इकडेतिकडे करून ती अशी संख्या धाडते, की नवानंही भाग जावा आणि अकरानंही. कर बेरीज."

दहातून नऊ गेले, एक उरतो. शंभरातून नव्व्याण्णव गेले, तरी एकच. म्हणून अंकांच्या बेरजेला नवानं भाग गेला, की संख्येलाही जातो. केतकीनं बेरीज केली. सत्तावीस!

"भाग आत्ताच जातोय. म्हणजे हरवलेला शून्य!"

"किंवा नऊ. नऊ मिळवलेस तरी भाग जाणारच."

केतकीचा चेहरा उतरला. शून्य असेल तर सत्तर कोटी, आई परत निघाली. नऊ असेल तर एकोणऐंशी, अजून लांबच चाललीय.

"शून्यच असू दे ना, आजोबा."

"माझ्याही मनात तेच आहे गं. पण संख्या आपलं मन बघत नाही. आता अकराचा ताळा. दहा म्हणजे अकराला एक कमी, शंभर म्हणजे नव्व्याण्णवाला एक जास्त. असं कमी-जास्त आळीपाळीनं चालतं. म्हणून एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. त्यांच्यातला फरक शून्य हवा, नाहीतर अकराच्या पाढ्यातला."

सात, तीन, दोन, पाच, एक: अठरा. उरलेले चार, एक, चार: नऊ. शून्य घातलं तर फरक नऊ, तो चालायचा नाही. नऊ घातला तर अठराला अठरा.

"नऊच," ती कशीबशी म्हणाली. आईच्या कुशीत शिरावंसं तिला फार वाटलं. आजोबांनी तिला जवळ घेतलं.

तो महिना सरता सरेना. मग एकदाची संख्या आली, सगळे अंक शाबूत: ७८६५०२३३२.

आजोबा उठलेच, "अगं, आठ! एकोणऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले!"

"थांबा हो, ताळा!" केतकीनं आधी नवाचा केला, मग अकराचा. अठराला अठरा! तेव्हा कुठे ती आजोबांच्या गळ्यात पडली.

"वळली, आजोबा! आई वळली! आता अंतर कमी कमीच होत जाणार."