खंडेनवमीनंतर बदललेला रूट

चाकणच्या त्या कारखान्यात वर्षातून एकदाच सगळं बंद होतं, खंडेनवमीला. प्रेस, क्रेन, झालंच तर मशीनना काम सांगणारा सर्व्हरसुद्धा. त्यालाही झेंडूचा हार चढतो. यंदा पूजा आटोपून सर्व्हर सुरू केला, तर त्याचे निरोप शेडमधल्या मशीनपर्यंत पोहोचेनात.

प्लांटप्रमुख सोपानराव सगळ्यांदेखत नेटवर्क सांभाळणाऱ्या आम्रपालीवर घसरले. "रूट नुसता टाइप करून ठेवला असशील. बंद केलं की पुसला जातो, एवढंबी कळत न्हाई? 'चूक माझी' असं लिहून दे."

आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रूट म्हणजे निरोपांची वाट सांगणारी ओळ; ती तिने फाइलमध्ये कायमची लिहिली होती. कितीदाही बंद-चालू करा, ती जाणार नव्हती. आणि लिहून दिलं की नोकरी गेलीच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तिने फाइल उघडली. तिची ओळ जागच्या जागी होती. पण वर आणखी एक ओळ येऊन बसली होती, सगळे निरोप भलत्याच पत्त्यावरून वळवणारी. तो पत्ता जुन्या शेडमधल्या पत्रा दाबायच्या प्रेसचा. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी काढून सोपानरावांनीच ती चालवायला लावली होती. तिच्यात बिरू नावाच्या कामगाराचा हात तुटला, मागोमाग बिरूही जिवानिशी गेला. तेव्हाही सोपानराव हेच म्हणाले होते, चूक कामगाराची. प्रेस भंगारात गेली आणि साहेब नामानिराळे राहिले.

तिने ती ओळ पुसली, सर्व्हर बंद-चालू केला. ओळ परत हजर. त्या पत्त्याला विचारून पाहिलं, आहेस का?

उत्तर आलं.

"साहेब, आता तुम्हीच पुसा," ती संतापून म्हणाली. "कळू दे सगळ्यांना चूक कुणाची ते."

सोपानरावांनी पुसली. बंद-चालू केलं. ओळ आली, पण आखूड होऊन. मधला पत्ताच गळला होता. म्हणजे आता वाटेत कुणी नाही. जे काही आहे, ते थेट याच सर्व्हरला जोडलेलं आहे.

"मागं वायर खोचलीय कुणीतरी. तूच असशील," सोपानराव फणकारले. त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि सर्व्हरमागे कोपरापर्यंत हात घातला.

स्क्रीनवर प्रेसचा निरोप उमटला.

जाळी उघडी. हात आत.

"साहेब, हात काढा!"

सोपानरावांनी हात ओढून पाहिला. निघेना.

"आम्रपाली," ते अगदी हळू म्हणाले, "कुणीतरी धरलंय गं मला. धरणारा नुसता हातच हाय."